टाकीवरचं होकायंत्र

—हे साल अठ्ठ्याऐंशी, महिना जानेवारी, संक्रांत तोंडावर आलेली, आणि या दिवसांत इथलं धुकं कसं असतं ते मनीमाजऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. तुला बँकेने साहेब केलं, अविनाश, पण एवढं नाही कळलं. होकायंत्र म्हणे. पेट्रोलच्या टाकीवर रबराने बांधलंय, जखमेवर पट्टी बांधावी तसं. गाडी बंद कर आधी, ऐकू येत नाही मला.

का थांबलो? दम घ्यायला थांबलो. साठी उलटली माझी. रस्ता चुकलो म्हणून नाही — या विश्राम जगदाळ्याने बावीस वर्षं लष्कराची डाक मोटारसायकलवर पोचवली, एक पाकीट उशिरा गेलं नाही, आणि रोपडचा रस्ता मला तू सांगणार? कुरालीपर्यंत आणलं की नाही नीट? पुढे हमरस्ता बंद केला पोलिसांनी, म्हणून शेतातून घेतलं, त्यात माझं काय चुकलं. पाट्यांवर कुणी डांबर फासलंय, मैलाचे दगडसुद्धा सोडले नाहीत. आणि नसतं फासलं तरी मला कुठे येते गुरुमुखी — मराठी वाचताना बोट लावावं लागतं. ती वीटभट्टीची चिमणी काय बघतोस? दुसरी आहे. भट्ट्या काय कमी आहेत इकडे? — बरं, तीच आहे. तो मोडका हातपंपही तोच. झालं समाधान?

विचारू म्हणतोस. कुणाला? मघाशी तो ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टर चालू ठेवून उसात पळाला, बघितलंस ना. त्या म्हातारीने दाराला आतून खाट लावली. दोन मोटारसायकली, दोन माणसं, तोंडाला मफलर — या अतिरेक्यांच्या दिवसांत आपल्याला कोण वाट सांगतंय. सोड ते तोंडावरचं. दरोडेखोरासारखा दिसतोस.

डोळे पूस. विनया माहेरी रोपडला दवाखान्यात आहे, पहिलटकरीण, रक्त कमी पडतंय, तुझंच जुळतं — सगळं ठाऊक आहे मला, पहाटे सासऱ्याचा फोन आला तेव्हा तुझ्या दारात मीच उभा होतो ना. म्हणून तर आलो. एकटा सोडला असता तर या खेळण्याच्या नादाने अंबाल्याला पोचला असतास. पण शेजाऱ्याला काका म्हणतोस म्हणून आलो असं समजू नकोस, काका-मामा मला नकोत. चैत्रात संचारबंदी होती, मी मोहालीला कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याला, आणि इकडे घरात माझी कांचन पडली. डबलसीटला बंदी. तरी तू आलास, मला मागे बसवलंस, नाक्यावर पाठीत काठ्या खाल्ल्यास, आणि वर त्या शिपायाला जी-जी करत राहिलास, शेळपटासारखा. ती होती अजून. बोलणं गेलं होतं, पण मी आलेलं कळलं तिला — माझ्या हातचं पाणी घेतलं. इतक्या वर्षांत मी तिला कधी स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला — जाऊ दे. तुला कशाला सांगतोय. उपकार अंगावर ठेवून मरायची आमच्यात रीत नाही, एवढंच.

मग? काढ की ते. टाकीवरून काढ. लोखंडावर बांधलेली सुई लोखंडाचंच ऐकणार, उत्तरेशी तिला काय देणंघेणं. शेतात जा, गाड्यांपासून लांब — अजून लांब. बांधावर सपाट ठेव, सुई ठरू दे. असा काय बघतोस माझ्याकडे? निघतानाच ठाऊक होतं मला, लष्करात हेच शिकवतात. बोललो नाही. म्हटलं, या डबीशिवाय नेऊन दाखवू साहेबाला.

कुठे दाखवते? — नीट बघ. — म्हणजे आपण उलटे चाललो होतो. मी. मी उलटा चाललो होतो, तू नुसता मागून येत होतास. रोपड वायव्येला. उत्तर आणि पश्चिम यांच्या मधोमध हात कर, तसाच धर — ते शिसवीचं झाड. तिथवर जायचं, उतरायचं, लांब जाऊन परत बघायचं, परत पुढचं झाड. कंटाळा करायचा नाही. पुढे तू हो. हो, तूच. मी मागे आहे.

—कर बंद. हाच दवाखाना. व्हरांड्यात सासरे आहेत तुझे, हाक मारतायत, म्हणजे वेळ गेली नाही अजून. गाडी सोड, मी धरतो. पाया कसला पडतोस, बावळटा, बाही वर कर आणि पळ.

—रक्त दिलंस? दोघी ठीक? डॉक्टर स्वतः म्हणाले? बरं. चहा नको मला. आतही येत नाही. कांचनचं फिटलं. हो बाजूला, किक मारू दे.