बाटलीच्या आकाराचा मफलर

हॅलो? … हां ताई, थांब, मध्ये बोलू नकोस… सतरा, अठरा, एकोणीस, वीस, एकवीस. … हां, बोल आता.

पैसे कसले मोजते, सुईवरचे टाके मोजतेय. एकवीस घातले होते, एकवीस आहेत. … विणतेय म्हणजे विणतेय. मफलर. … हसून झालं की सांग. मी धरते फोन.

झालं? … हो, मीच. शाळेत विणकामाच्या तासाला जिला सुयांसकट वर्गाबाहेर उभं केलं होतं, तीच मी.

ब्रिऑश. … त्या नावाचा एक पाव असतो, तो नव्हे. हे टाक्याचं नाव आहे. गुबगुबीत असतो, बरगड्या-बरगड्यांचा, दोन्हीकडून सारखा दिसतो. … कुठून म्हणजे, व्हिडिओवरून. त्यातली बाई म्हणते, चहा गाळून होईपर्यंत शिकाल. तिच्या घरी चहा गाळायला आठवडा लागत असणार. आणि नखं एवढी लांब, की सुई कुठली नि नख कुठलं ते मला तिसऱ्यांदा बघताना कळलं.

क्लासवाल्या काकूंकडे? … माहीत आहे, खालच्याच मजल्यावर घेतात क्लास. तिथे दहाजणी बसतात आणि दहाजणी एकच टोपी विणतात. दर वर्षी तीच. टोपीवर तोच गोंडा.

हो, येणारेत ना. आजच, चारला. पिशवी न्यायला. … सगळंच, आईची लोकर, सुया, ते अर्धवट राहिलेलं निळं जाकीट. दाराशी बांधून ठेवलीय पिशवी. … गाठ मी मारली. आईच्या डाव्या हाताला जमली नाही, आणि उजव्याने तिने करूनच बघितली नाही.

नाही, मला नाही पटत. … अगं ऐक ना. उजवं मनगट मोडलं होतं, ते जुळलं. प्लास्टर निघालं. हाडाचे डॉक्टर म्हणतात, आता बोटं वापरली तर सुटतील, नाहीतर अशीच आखडून राहतील. अंगठा आणि पहिलं बोट अजून टेकत नाहीत. मी रोज मध्ये पट्टी धरून बघते. … पंधरा मिलिमीटर. आज सकाळीही पंधराच.

तो मऊ चेंडू होय. कपाटाखाली आहे. व्यायामाच्या बाईंनी दाबायला दिला, आईने दोन दिवस बघून घेतलं आणि पायाने आत ढकलला. मी काय रांगतं बाळ आहे का, म्हणाली. … तू पाठवलेले व्हिडिओ? दाखवले की. त्यातली आजी हसत-हसत टाळ्या वाजवते. आईने विचारलं, हिला काय झालंय.

समोर दिसलं की त्रास होतो म्हणून देऊन टाकायचं? मग चष्मा फुटला की पेपर बंद करू या. … तुला तिथे बसून सोपं वाटतं, ताई. ती पिशवी गेली की ती हात मांडीवर ठेवून बसणार. आत्ताही तशीच बसते. पण आत्ता निदान पिशवी घरात आहे.

म्हणून तर शिकतेय. घरात कुणीतरी विणतंय म्हटलं की पिशवी ठेवायला कारण झालं. काकूंना सांगता आलं असतं, नेऊ नका, मला लागते. पण हातात दाखवायला काही नको?

अवघडच टाका का, तर आईला तो येत नाही. साधा विणायला घेतला असता, तर दुसऱ्या ओळीत माझं श्राद्ध घातलं असतं तिने. मला वाटलं, ह्यात चुका काढता येणार नाहीत. … काढल्या. येत नाही तरी काढल्या. म्हणाली, दोन्हीकडून सारखंच दिसायचं तर आम्ही उलट-सुलट शिकलो कशाला. आणि वर म्हणे, मफलर गळ्यात घालायचा असतो, तू बाटली का विणतेयस.

हो ना, बाटलीच दिसते. खाली रुंद, वर मान. … कोण हसतंय? भावजी आहेत? … स्पीकरवर टाकलायस मला? … काय म्हणतायत? … बूच कुठाय. वा. त्यांना सांग, हा विनोद मी सकाळीच स्वतःवर करून झाला.

तेच तर कळत नाही. खाली रुंदी अठरा सेंटीमीटर, वर बारा. टाके खाली एकवीस, वर एकवीस. लोकर तीच, सुया त्याच, हातही माझाच. टाके तेवढेच राहून रुंदी दोन-तृतीयांश होऊच शकत नाही. … घट्ट नाही विणलेलं. ताणूनही बघितलं. … अगं, मोजण्यात काय चुकणार? एकवीसपर्यंत मला येतं.

बरं, कशी विणते ते सांगते. एक टाका विणायचा. त्याच्या शेजारचा विणायचा नाही, नुसता दुसऱ्या सुईवर घ्यायचा आणि त्याच्या अंगावर लोकर आडवी टाकायची. शाल पांघरल्यासारखी. पुढच्या ओळीत तो टाका आणि त्याची शाल दोन्ही मिळून एकच म्हणून विणायचे. … हो, तेव्हा विणायचा. आणि मग शेजारच्यावर शाल. आलटूनपालटून. … एवढंच.

पहिल्या ओळीनंतर मोजले तर एकतीस. एकवीसचे एकतीस. मग काय करणार, ओळीओळीने दोन-दोन एकत्र विणून जास्तीचे काढत गेले, परत एकवीस होईपर्यंत. … व्हिडिओतली बाई नाही मोजत. ती नुसती मान डोलावते. मी प्रत्येक ओळीला मोजते.

जास्तीचे दहा आले कुठून म्हणजे? … वाढले. … ताई, विणताना टाके कधीकधी आपोआप… थांब. … थांब जरा, बोलू नकोस.

एकवीसमधले दहा न विणलेले. दहांच्या अंगावर दहा शाली. … मी शाली पण मोजल्या.

अगं, सुईवर दोन्ही सारखंच दिसतं, वेटोळं ते वेटोळं. मी माणसं मोजली, मग त्यांच्या अंगावरच्या शाली मोजल्या, आणि गर्दी फार झाली म्हणून माणसं हाकलून दिली. … हस. आता तुझा हक्क आहे. … म्हणजे आत्ताच्या एकवीसात टाके चौदा आणि शाली सात. एकवीसाचे चौदा, अठराचे बारा. बसलं बरोबर. वीण पहिल्या ओळीपासून नीट होती, मोजणारी गाढव होती. … हो, पदार्थविज्ञान. पहिला वर्ग. ते प्रमाणपत्र भिंतीवर आहे, भावजींना हवं असेल तर बूच म्हणून गुंडाळून देते.

उसवायला लागणार. … नाही, असं ओढून नाही चालत. टाका आणि शाल सुटे झाले की कोण कुणाचं ते कळत नाही. एकेक सोडवत खाली जायचं. … चारपर्यंत? कसं होईल? … हो, मग जाईल पिशवी. तुझ्या मनासारखं होईल. खूश?

फोन खांद्यात धरते, थांब. … ऐकू येतंय? … उसवतेय. … एक झाला. … आई बघतेय गं. … खिडकीपाशी, खुर्चीत. नाकपुडी फुगलीय. तुझ्या प्रगतिपुस्तकाकडे बघायची ना, तसं बघतेय.

आई, मी करते. … आई, राहू दे. आई, ओढू नकोस…

ताई, ओढलं तिने. … सगळं. डाव्या हाताने, सर्रकन. बाटली संपली. तिच्या मांडीवर कुरळ्या लोकरीचा ढीग आहे नुसता. … म्हणतेय, हे असं कण्हत-कुंथत उसवताना बघवत नाही.

आता माझ्या सुया बघतेय. … स्टीलच्या, बारीक. व्हिडिओतल्या बाईने सांगितलेल्या. … म्हणतेय, कान कोरायला बऱ्या आहेत.

ताई. … ती म्हणतेय, पिशवी सोड. … हो, तीच, दाराशी बांधलेली. तिच्या जाड लाकडी सुया हव्यात. … सोडतेय ना, गाठ सुटत नाहीये. मला एकच गोष्ट पक्की करता येते आणि ती ही निघाली. … दातांनी. … सुटली.

दिल्या. … नाही. एक सुई उजव्या हातात घेतली. … मी गप्प आहे, तूही गप्प बस. भावजींनाही सांग.

बेल वाजली. … काकूच असणार, अजून पावणेचार पण नाही झाले. … या काकू. … ताईचा फोन आहे. … हो, पिशवी… म्हणजे ती आहे… तुम्ही बसा ना आधी.

ताई, त्या उघड्या पिशवीकडे बघतायत. विचारतायत, नेऊ ना. … मी काय सांगणार? मफलर तर नाहीच आता. … आईच बोलली. वर बघितलं पण नाही. म्हणाली, "बस जरा. मध्ये बोलू नकोस, टाके घालतेय."

बसल्या. … पिशवी? आईने पायाने ओढून खुर्चीखाली घेतली. चेंडू ढकलला होता ना, त्याच पायाने.

अकरा. … बारा. … सुई पडली. … तिनेच उचलली. मी उठले होते, मला डोळ्यांनीच बसवलं. … तेरा. … काकू म्हणाल्या, आणा, मी पटकन घालून देते. आईने त्यांच्याकडे बघितलं. … काही नाही, काकू आता खिडकीबाहेर बघतायत.

सोळा. … दोन सैल आहेत. मी म्हणणार नाहीये तिला. तू म्हण, तुझी हिंमत असेल तर.

ताई? … आहेस ना? … स्पीकर बंद केलास का? आवाज वेगळा येतोय तुझा. … बरं. … बरं, नाही विचारत.

एकोणीस. … वीस. … हां. एकवीस. … दोनदा मोजले. शाली नाहीत, नुसते टाके.

पट्टी कशाला? सुई अंगठ्यात आणि पहिल्या बोटात धरलेली आहे, दोन्ही टेकलेत सुईला. सुईची जाडी सुईवरच छापलेली असते. … मला इथून दिसतंय. सहा मिलिमीटर. … ठेवते.