शेवट खुला आहे

...नाही, मला सांगा, 'सध्या काय वाचताय' हा काय विचारायचा प्रश्न झाला? माणसानं विचारावं, जेवलात का, गुडघा कसा आहे, तुमच्याकडं पाऊस झाला का. पण आमच्या वाचनालयाच्या ग्रुपवर दर गुरुवारी सकाळी आठला प्रतीक्षा मॅडमचा मेसेज येणार म्हणजे येणारच, "सध्या काय वाचताय?" अन् मग सगळं तेर गाव वाचायला लागतं. अमरसिंह सर फोटो टाकतात, हे जाडजूड पुस्तक, शेजारी कॉफीचा कप, त्याला टेकवलेला चष्मा, अन् पुस्तकातली खुणेची लाल दोरी सात आठवडे झाले त्याच पानावर. उत्कर्ष स्पर्धा परीक्षेचं पुस्तक टाकतो, तीन वर्षं झाली, तेच. अन् मी लिहायची, "पोथी. अध्याय नववा." गुरुवारचा उपास असतो, पोथी हातात असते, खोटं कशाला लिहू? तर खाली नुसते जोडलेले हात. एकदा मॅडमनी हळूच मला एकटीला मेसेज केला, काकू, पोथीशिवाय काही? मी लिहिलं, कॅलेंडरची मागची बाजू. आता ह्यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

तर त्या कादंबरीचं सांगत होते. नव्हते सांगत? मग आता सांगते.

आमच्या सासूबाई, कस्तुराबाई, मी त्यांना आत्या म्हणते. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांचं उजवं अंग गेलं. धाराशिवला नेलं, नऊ दिवस ठेवलं, अन् डॉक्टर आमच्या ह्यांना म्हणाले, घरी न्या, सेवा करा. 'सेवा करा' म्हणजे काय ते कळण्याइतकी मी शहाणी आहे हो, पण आशा मेली सुटते का? घरी आणलं, बाहेरच्या खोलीत खाट टाकली, अन् मी सात दिवसांच्या पारायणाचा संकल्प सोडला. उघड मागितलं ते एवढंच, की आत्या उठून बसू देत. मनात मागितलं ते वेगळं होतं.

मनात होत्या पद्मिनवन्सं. आत्यांची एकुलती एक लेक, माझी नणंद. तेवीस वर्षांपूर्वी त्यांनी घरच्यांना न विचारता एका ट्रकवाल्याशी लग्न केलं अन् जळकोटला गेल्या. आत्यांनी त्या दिवशी दाराला आतून जी कडी घातली ती वन्संसाठी पुन्हा काढली नाही. सासरे वारले तेव्हासुद्धा वन्संना अंगणातूनच दर्शन. तर मायलेकींची एकदा गाठ पडावी, डोळे मिटायच्या आत, एवढंच माझं मागणं. फार का होतं ते?

अन् तिसऱ्या दिवशी आत्या काय म्हणाव्यात? जीभ जड झाली होती, पण शब्द चोख. "ह्याचा शेवट मला ठावा हाय. चाळीस वर्सं झाली ऐकायलेय. दुसरं काय तर वाच." संकल्प सोडलेला, चार दिवस शिल्लक, अन् दुसरं वाच! बरं, आजाऱ्याचा जीव दुखवून कसलं पुण्य? म्हटलं, देवा, पोथी बदलते, दिवस तेवढे धरून चाल.

शेजारच्या शरिफाबी, त्यांचे दादामियाँ रद्दी घेतात. रद्दीतली पुस्तकं पुड्यांना जायच्या आधी शरिफाबी वाचून काढतात, आमच्या ग्रुपवर त्या नाहीत, पण सगळ्या ग्रुपपेक्षा जास्त वाचलंय त्यांनी. त्यांनी एक कादंबरी आणून दिली. वेष्टन नाही, नाव नाही, लेखक नाही. म्हणाल्या, "वहिनी, हे वाचा. म्या दोन दिवस रडले यात, दाळ जळाली माझी."

आता मला वाचायची एकच रीत ठाऊक. आंघोळ, पाट, समई, हातावर पाणी. संकल्पात ग्रंथाचं नाव घ्यायचं असतं, तिथं अडले, तर म्हटलं, 'हे जे काही आहे ते'. पदरचं अक्षर घालायचं नाही, पुस्तकातलं गाळायचं नाही, अध्याय पुरा झाल्याशिवाय उठायचं नाही, मध्येच कुणी शिरू नये म्हणून दाराला कडी. कुकरच्या अकरा शिट्ट्या झाल्या तरी मी पाटावर. अन् पाचव्या प्रकरणात तो नायक, तुम्हाला सांगते, त्या मुलीला विहिरीमागं नेतो, अन् मग... गाळायचं तर नाही ना! सासूसमोर, पोथीच्या चालीत, मान खाली घालून वाचलं सगळं. आत्या म्हणाल्या, "हळू वाच. कळू दे." आता ह्यात माझं काय चुकलं?

पण पुढं ती मुलगी त्याच्याबरोबर घर सोडते. अन् तिची आई, एकटीच बाई, दुसरं कुणी नाही घरात, दाराला कडी घालते. मी वाचत गेले. वर बघायची हिंमत होईना. आत्या पत्र्याकडं बघत पडलेल्या. दुसऱ्या दिवशी मी पाट मांडायच्या आतच म्हणाल्या, "आली का ती पोरगी माघारी?" रोज तेच. औषध घेईनात, पेज घेईनात, पहिलं हे सांग. मी म्हटलं, देवानंच धाडलंय हे पुस्तक.

सातव्या दिवशी ती मुलगी आली. केस पांढरे झालेत, दार वाजवते, आतून म्हातारी विचारते, कोण? बाहेरून आवाज येतो, "मी". अन् पान संपलं. पुढं पुठ्ठा.

मी तशीच शरिफाबींकडं. त्या म्हणाल्या, "शेवट न्हवताच की वहिनी. म्हणून तर रडले." मागची पानं आधीच बसस्टँडवरच्या फुटाणेवाल्याला गेलेली! गेले. सहा पुड्या घेतल्या. एकीत नववीचा भूगोल, एकीत लग्नपत्रिका, एकीत कुणाचा तरी रेशनचा अर्ज, बाकीच्यांत वर्तमानपत्र. फुटाणेवाला म्हणाला, मावशी, फुटाणे चांगले आहेत का ते बघा की.

मग मी जन्मात पहिल्यांदा ग्रुपवर सविस्तर लिहिलं. "कादंबरी. नाव नाही, लेखक नाही. मुलगी बऱ्याच वर्षांनी येऊन आईचं दार वाजवते. पुढं काय होतं? घाई आहे." दोन मिनिटांत अमरसिंह सर, "वाचली आहे. थोर कलाकृती." नाव नसलेलं पुस्तक वाचलं म्हणे. मी विचारलं, सर, मग दार उघडतं का? 'टाइप करत आहेत' असं लई वेळ दिसत राहिलं अन् शेवटी आलं, "ज्याचा त्याचा अनुभव." उत्कर्षनं लिहिलं, "पर्याय द्या." शेवटी देवासारख्या धावून आल्या प्रतीक्षा मॅडम. "काकू, मी वाचलेली नाही, पण अशा कादंबऱ्यांचा शेवट बहुधा खुला असतो."

खुला! अहो, मला रडूच आलं. शिकलेली बाई सांगतेय, खुला असतो. म्हणजे दार उघडतं. मी तिथल्या तिथं वन्संना फोन लावला. म्हटलं, या, आत्या दार उघडतील. त्या म्हणाल्या, "आई म्हनली का तसं?" मी म्हटलं, वन्सं, तुम्ही या तर. उद्या दुपारच्या गाडीनं या. आता ह्यात माझं... जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी समई लावली, कडी घातली अन् बसले. आत्यांना सांगितलं, शेवट कळला. आईनं दार उघडलं. मनात म्हटलं, गाडी यायला अर्धा तास आहे, तोवर मन भिजेल.

आत्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. "कुठं लिव्हलंय?"

मॅडमनी सांगितलं, म्हटलं.

"न्हाय. ती तसली बाई न्हाय. नीट वाच."

मी शेवटचं पान पुन्हा काढलं. मुलगी येते, दार वाजवते, अन् तुम्हाला सांगते, तेवढ्यात आमचं दार वाजलं. गाडी त्याच दिवशी वेळेआधी यायची होती. मी पाटावर, पुस्तक मांडीवर.

आत्यांनीच विचारलं, "कोन?"

बाहेरून आवाज आला, "मी."

समईची ज्योत तेवढी हलत होती. आत्यांचा डावा हात गोधडीवर इकडं तिकडं फिरला. मी अर्धी उठले, तर म्हणाल्या, "बस. अध्याय झाला न्हाय." मी बसले. मग त्या सांगायला लागल्या, माझ्याकडं न बघता, एकेक शब्द ओढत. "दार उघडत न्हाय ती. पन सुनेला म्हनती, च्या टाक. खिडकीतनं दे. साखर दोन चमचे टाक म्हनती, तिला ग्वाड लागतंय."

मी म्हटलं, "आत्या, ह्या पुस्तकात सून नाही हो."

"न्हाय कशी? मग वाचायलंय कोन?"

मी उठले, आलं ठेचून चहा टाकला, खिडकीच्या गजातून कप दिला. वन्सं पायरीवर बसल्या होत्या, तान्ह्या नातवासारखी पिशवी मांडीवर धरून. पहिला घोट घेतला अन् थांबल्या. कुणी सांगितलं साखरेचं, हे त्यांनी विचारलं नाही अन् मीही सांगितलं नाही. सगळा चहा पिऊन झाला, कप पदरानं पुसून खिडकीत ठेवला अन् चारच्या गाडीनं गेल्या. आत आत्या म्हणाल्या, "प्याली?" मी म्हटलं, प्याली. "मग मिट पुस्तक."

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या गेल्या. पेजेची वाटी भरायला आत गेले होते, तेवढ्यात.

तेरावा झाला, अन् आला गुरुवार, अन् आठला मेसेज. मी मॅडमना सरळ फोनच लावला. म्हटलं, तुम्ही तर सांगितलं होतं शेवट खुला असतो, आमच्याकडं तर दार बंदच राहिलं. त्या बिचाऱ्या चपापल्या. म्हणाल्या, "अहो काकू, खुला म्हणजे दार उघडं असं नाही. खुला म्हणजे लेखक सांगत नाही. काय व्हायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं असतं."

वाचणाऱ्यानं.

म्हणजे मीच की हो. पाटापासून दार चार पावलांवर, कडी मीच घातलेली, माझ्याच हाताची. अन् मी ठरवलं काय? साखर तर आत्यांनी ठरवली होती. मी आपलं ठरवलं ते एवढंच, की चहात आलं टाकावं.