शून्य ते दोनशे पंचावन्न

— नाही नाही, बसा ना, खुर्ची रिकामीच आहे. तिची होती, आता तुमची. आणि तुम्ही विचारताय तो आकडा, सातशे सदुसष्ट — तो मीच टाकलाय. सांगतो. प्रत्येक बटणाला एक नंबर असतो, बरोबर? यंत्राच्या वर्णनाच्या फाइलमध्ये तो लिहायचा, आणि कुठून कुठपर्यंतचे नंबर चालतील ते आपल्या नियमांच्या फाइलमध्ये. त्याबाहेरचं लिहिलं की तपासणी नापास. पूर्वी तिथे वरची मर्यादा दोनशे पंचावन्न होती. कोणी लिहिली? मीच. का? माझ्यासमोरच्या कीबोर्डला तेवढं पुरत होतं — खरं सांगू, नंबरांची यादी शेवटपर्यंत वाचायचा कंटाळा केला.

मग आलं ते रुग्णांच्या खाटेजवळचं यंत्र. दोनच बटणं, दिवा आणि मदत. मदतीचा नंबर पाचशेच्या पुढचा, म्हणजे नापास. तर या खुर्चीतल्या बाईंनी काय करावं? दोनशे पंचावन्नच्या आतला एक उचलला — आणि त्या दवाखान्याच्या यंत्रणेत नेमका तोच दिव्याचा. घाई होती, खाटेशी जाऊन कुणी दाबून पाहिलं नाही. एक म्हातारे गृहस्थ भरदुपारी खाटेवरून पडले, जमिनीवरून मदतीचं बटण दाबत राहिले — दिवा लागतोय, विझतोय, लागतोय. लांबून दिवा बघून नर्सला वाटलं, आजोबा चाळा करतायत. तीन तास. खुबा मोडलेला. पुन्हा चालले नाहीत ते.

चौकशीत ती एवढंच म्हणाली, "चुकलं माझं." काढलं तिला. मी मर्यादा वाढवली, तर साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. चार वर्षं शेजारी बसलो, दादा म्हणायची मला. विचारायला हवं होतं ना तिनं कुणाला तरी — म्हणजे, आली होती ती. इथेच उभी होती. "दादा, तुमचा नियम नाही म्हणतोय, वाढवून देता का?" मी डबा उघडत होतो. मान वर न करता म्हटलं, "नियम आहे तो आहे. बसणारा नंबर शोध." शोधला तिनं.

चौकशीत? मला कुणी विचारलंच नाही. तिनंही नाव घेतलं नाही. का नाही घेतलं — फोन करतो मी कधी कधी, उचलते, "बोला दादा" म्हणते, आणि मी पावसापाण्याचं विचारून ठेवून देतो.

असं बघू नका माझ्याकडे. पासवर्ड त्या कागदावर आहे. लागा कामाला.