बोरदुर्गच्या न्यायाधीशांनी न घेतलेली वाढ

सन्माननीय अध्यक्ष आबासाहेब, व्यासपीठावरील वडीलधारी मंडळी, बोरदुर्ग संस्थानातून धुळीची वाट तुडवत आलेले पाहुणे, सोलापुरातले माझे वकीलबंधू, चिकाच्या पडद्यामागे बसलेल्या माता-भगिनी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते न्यायाधीश रावसाहेब पंचाक्षरी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

आज बोलायचे काम माझ्याकडे का आले, हे मी अध्यक्षांना विचारले. ते म्हणाले, रावसाहेबांच्या कोर्टात सर्वांत जास्त दावे तुम्हीच हरलात, तेव्हा मान तुमचा. हसा मंडळी, आत्ताच हसून घ्या. पुढे हसण्यासारखे माझ्याजवळ फारसे नाही.

गौरवाच्या भाषणात माणसाने काय काय मिळवले ते सांगायची रीत आहे. मी मात्र रावसाहेबांच्या पगाराविषयी बोलणार आहे. सभेत कुणाचा पगार काढणे असभ्यपणाचे, हे मला कळते. पण त्यांची परवानगी मी घेतली आहे. परवानगी देताना त्यांनी एक अट घातली, ती ओघात येईलच.

ब्रिटिश मुलखात अंमलदारांच्या पगाराच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. बोरदुर्गात तशा त्या नव्हत्या. दिवाण, न्यायाधीश, इंजिनियर, डॉक्टर या चौघांचे पगार दसऱ्याच्या दरबारात श्रीमंत सरकार स्वतः ठरवीत. एका साली एक गोरा पाहुणा यायच्या आत बंगल्यावर कौले चढली, म्हणून इंजिनियरची वाढ झाली. रावसाहेबांच्या आधीच्या न्यायाधीशांनी सरकारच्या मेव्हण्याविरुद्ध निकाल दिला आणि त्यांचा पगार निम्म्यावर आला. ते गृहस्थ गाशा गुंडाळून गेले. सरकार दुष्ट होते असे नव्हे. जे आपल्या हाताने द्यायचे ते आपल्या मर्जीने द्यायचे, एवढेच त्यांना ठाऊक होते. त्यात चूक काय, असे दरबारात कुणी विचारलेच नव्हते.

अशा खुर्चीवर रावसाहेब येऊन बसले. बरोबर पत्नी मथुराबाई. त्यांचे माहेर मंगळवेढ्याचे, घरात बोलणे कानडी. मूलबाळ नव्हते. पहिली पाच-सहा वर्षे पगार वाढला नाही. दिवाणजींनी दोनदा शिफारस केली आणि दोन्ही वेळा ती तशीच पडून राहिली.

मग कुरणाचा दावा आला. किल्ल्याखालचा माळ धनगरांच्या चराईचा की दरबारच्या खासगीचा, म्हणजे सरकारच्या स्वतःच्या मिळकतीतला, असा वाद होता. धनगरांच्या वतीने धुळाप्पा पुढे झाला होता आणि त्याचा वकील मी. पिढ्यान्‌पिढ्या त्यांची मेंढरे तिथे चरत आली होती, ही गोष्ट खरी. पण माळ खासगीचा असल्याची सनद होती आणि धनगरांच्या वाडवडिलांनी चराईचे पैसे भरल्याच्या पावत्याही होत्या. मालक आपल्याच माळाची चराई कशाला भरील? निकाल दरबारच्या बाजूने लागला. मी तो घरी नेऊन पुन्हा पुन्हा वाचला. अपिलाला जागा सापडावी म्हणून वाचला. सापडली नाही.

आणि त्याच महिन्यात दसरा आला. दरबारात सरकारांनी चौघांचेही पगार वाढवले. न्यायाधीशांची वाढ सर्वांत मोठी, कारण ती सर्वांत जास्त दिवस रखडली होती. दिवाणजींची शिफारस जुनीच होती, कुरणाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. हे मला माहीत होते, दिवाणजींना माहीत होते. धुळाप्पाला कसे माहीत असावे?

दसऱ्यानंतर कोर्ट उघडले त्या दिवशी धुळाप्पा आवारात लिंबाखाली उभा होता. रावसाहेब पायऱ्या चढत होते. तो ओरडला नाही. शेजारच्याला सांगावे तसा म्हणाला,

"आमचं कुरण गेलं आन्‌ सायबाचा पगार वाढला. बसला की मेळ."

रावसाहेब थांबले. मला वाटले, आता बेअदबीबद्दल धरून आणवतात. ते वळले, पायऱ्या उतरले आणि तसेच राजवाड्याकडे चालू लागले. त्या दिवशी कोर्ट चालले नाही.

पुढचे मला दिवाणजींकडून कळले. सरकार आधी हसले. वाढ तुमच्या हक्काची आहे, लोक काय, बोलतच असतात, असे त्यांनी समजावले. रावसाहेब हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले,

"निकाल बरोबर होता, सरकार. ही वाढ मी घेतली, तर तो चूक ठरेल."

आणखी एक मागणे त्यांनी मागितले. न्यायाधीशाचा पगार तो खुर्चीवर बसण्याआधी ठरवावा. तो बसला की उठेपर्यंत त्याला कुणी हात लावू नये, कमी करायला नाही आणि जास्त करायलाही नाही. सरकारांना राग आला. दिलेले दान परत येणे हा त्यांना अपमान वाटला. ते म्हणाले, तर मग तसेच होईल, वाढही नाही आणि घटही नाही, जोवर तुम्ही इथे आहात तोवर.

आणि मंडळी, सरकार शब्दाचे पक्के निघाले.

धुळाप्पाच्या कानावर हे गेले. तो रावसाहेबांच्या दारी आला. मी तिथे बसलो होतो. तो म्हणाला, "तुमी पगार न्हाय घेतला, लई झालं. पर आमचं कुरण न्हाईच मिळालं की." रावसाहेब म्हणाले, "नाही मिळालं. मिळणारही नव्हतं." धुळाप्पाने मान हलवली. त्याला पाणी दिले, ते प्याला आणि गेला. वर्षाच्या आत त्याने मेंढरे विकली आणि बायको मायाक्काला घेऊन तो इथे सोलापुरात गिरणीच्या चाळीत राहायला आला. नीतीच्या गोष्टीत अशा वेळी कुरण परत मिळते. बोरदुर्गात मिळाले नाही.

वर्षे गेली. महागाई वाढली, बाकीच्या तिघांचे पगार वाढत गेले, आणि न्यायाधीशांच्या घरचा टांगा आधी गेला, मग स्वयंपाकीण गेली. मथुराबाई स्वतः पाणी भरू लागल्या. त्यांच्या तोंडून तक्रार माझ्या पत्नीने कधी ऐकली नाही. मग त्यांना खोकला लागला. डॉक्टरांनी छातीचा रोग सांगितला आणि थंड हवेच्या ठिकाणी, रोग्यांसाठी बांधलेल्या इस्पितळात दीड-दोन वर्षे ठेवायला हवे म्हणाले. तो खर्च रावसाहेबांच्या पगारात बसणारा नव्हता.

सरकारांनी दिवाणजींना पाठवले. जुना राग विसरून पाठवले, हे मोठ्या मनाचे लक्षण. मी ते इथे आदराने सांगतो. मागची सगळी वाढ आज देतो, नको असेल तर खासगीतून इस्पितळाचा खर्च करतो, असा निरोप होता. त्याच वेळी सरकारच्या मेव्हण्याचा एक दावा रावसाहेबांपुढे चालू होता. रावसाहेबांनी दिवाणजींना दारापर्यंत पोचवले आणि नाही म्हणून सांगितले.

मथुराबाई आतल्या खोलीत पडून होत्या. दार उघडे होते.

मग मंगळवेढ्याची कोरडी हवा मानवेल म्हणून त्यांना माहेरी नेले. ज्वारी हुरड्यात आली होती तेव्हा त्या गेल्या. मेव्हण्याच्या दाव्याचा निकाल त्यानंतर लागला. मेव्हणे हरले. त्या निकालाकडे आज कुणी बोट दाखवू शकत नाही.

इथे थांबलो असतो, तर हे भाषण गौरवाचे झाले असते. पण रावसाहेबांची अट आड येते. ते मला म्हणाले होते, "सांगणार असाल तर सगळं सांगा. नुसतं शौर्य सांगू नका."

मंगळवेढ्याला, शेवटच्या आठवड्यात, मथुराबाई त्यांच्याशी बोलल्या. बोलल्या कानडीत, रावसाहेबांनी मला मराठीत सांगितले, तसे मी सांगतो.

"आपण दोन्ही वेळा नको म्हणालात, ते योग्यच केलंत. मला विचारलं असतंत, तर मीही नकोच म्हटलं असतं. पण विचारलं नाहीत."

हे सांगून रावसाहेब मला म्हणाले, इतक्या वर्षांत दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मी एक निकाल दिला नाही, आणि घरातला हा एक दिला.

सद्गृहस्थ हो, यावर मी काय बोलू? त्यांनी केले ते चूक होते काय? मला म्हणवत नाही. बरोबर होते काय? तेही या सभेत उठून म्हणायचे धैर्य मला होत नाही.

यंदा रावसाहेबांनी निवृत्ती मागितली. गादीवर आता धाकटे सरकार आहेत. नव्या न्यायाधीशाचा पगार कसा ठरवावा, याचे नियम रावसाहेबांनीच लिहून द्यावेत असे त्यांनी सांगितले. रावसाहेबांनी तीन कलमे लिहिली. पगार एवढा असावा की घरात दुखणे आले तरी कुणापुढे हात पसरावा लागू नये. तो आधी ठरावा आणि मग बदलू नये. आणि तिसरे असे की, नेमणूक कळवल्यावर उमेदवाराचा होकार लगेच घेऊ नये. घरी जाऊन विचारून यायला त्याला सवड द्यावी. दरबारी मंडळींनी तिसऱ्या कलमाची थट्टा केली. धाकट्या सरकारांनी तिन्ही मंजूर केली.

गेल्या महिन्यात पहिला उमेदवार निवडला गेला. तरुण आणि हुशार गृहस्थ, नातेपुत्याकडचे. सवड घेऊन घरी गेले. परत आले आणि नकार कळवला. पुढे कधीच न वाढणाऱ्या पगारावर चार मुलांचा संसार करायला त्यांच्या पत्नीने नको म्हटले होते. दरबारात संताप झाला. एवढा चांगला माणूस त्या कलमापायी गेला, असे दिवाणजी मला स्वतः म्हणाले.

ती बातमी रावसाहेबांना मीच सांगितली. मला वाटले, त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, "म्हणजे त्या बाईंना विचारलं त्यांनी." मग पागोटे काढून मांडीवर ठेवले आणि डोळे पुसले. त्यांना रडताना मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

बोरदुर्गची ती खुर्ची अजून रिकामी आहे.

या सभेसाठी दालन उघडून देणाऱ्यांचे, लांबून आलेल्या पाहुण्यांचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या आपणा सर्वांचे आभार मानतो. गौरव करायला उभा राहिलो आणि दुःख उकरून बसलो, याबद्दल अध्यक्षांनी रागावू नये. शब्द कमी-अधिक गेला असेल तर सभेने तो पोटात घालावा. रावसाहेब, आपणही क्षमा करावी. मी सगळे सांगितले.