अंगठ्याची रांग

वडिलांचा मृत्यूचा दाखला घ्यायला लेक सरकारी दवाखान्याच्या खिडकीपाशी उभी होती. शेजारीच हजेरीच्या मशीनसमोर नर्सबायांची रांग लागली होती आणि त्यातल्या दोघींचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

“दोन वाजून गेले. वर वॉर्डात कोण आहे गं?”

“कोण असणार? सकाळपाळीच्या आम्ही अंगठा द्यायला खाली आलो, आणि दुपारपाळीच्या तुम्ही अजून इथेच.”

“अख्ख्या दवाखान्याला मेलं एकच मशीन! जरा उशीर झाला की अर्धी रजा लागते.”

“मोठ्या साहेबांना सांगून पाहिलं. म्हणाले, शिस्त लागतेय, लागू द्या.”

“डोंबलाची शिस्त! सोमवारी मी वर पोचले, तर आठ नंबरचे आजोबा गार पडलेले. घंटीचं बटण मुठीत तसंच.”

“अगं बाई! मग वेळ कोणती घातलीस?”

“दोन वीस. माझा अंगठाच दोन पंधराचा. त्याआधीची घातली, तर विचारतील ना, वॉर्डात कोण होतं म्हणून.”

“आणि घरच्यांना काय सांगितलंस?”

“झोपेतच गेले म्हटलं. मी उशाशीच होते. सरक पुढे, तुझा नंबर आला.”

खिडकीतून कारकुनाने कागद पुढे केला.

“खाट नंबर आठ, सोमवार. वेळ वाचून घ्या, ताई.”

“दोन वीस.”

“बरोबर आहे ना? मग करा सही.”

लेकीने पेन परत खिडकीत सरकवलं.

“सही जमत नसेल, तर अंगठा द्या.”