एकटीने जाळायचं नाही

हॅलो? … हो, बर्न रूम. … कोण हवंय? … ठमे? अगं, तू? इथल्या फोनवर?

सगळं ठीक आहे ना? … सुनेला बरं आहे? … नक्की? … मग तुझा आवाज असा का येतोय? … नाही गं, मोबाइल आत आणू देत नाहीत. बाहेर कप्प्यात पडलाय. … कितीदा केलास? … अगं बाई. … बरं, बरं, महत्त्वाचं आहे म्हणतेस. पण कुणाला काही झालेलं नाही ना? … मग दोन मिनिटं थांब. ठेवू मात्र नकोस. अगदी वेळेवर आलीस बघ.

अगं, आमची वेळ मोजणारी, घड्याळवाली, गेलीय लेकीच्या बाळंतपणाला. … हो, तीच, जिच्याबरोबर मी डबा खाते. … आणि इथे एकटीने जाळायचं नाही असा नियम आहे. दारावर पाटीच लावलीय, एवढ्या मोठ्या अक्षरांत. साहेब म्हणाले, बदली कुणी नाही, तेव्हा फोनचा स्पीकर चालू ठेवा आणि कुणाशी तरी बोलत राहा. काही झालं तर निदान कळेल तरी कुणाला. सकाळपासून गेटवरच्या पहारेकऱ्याला धरून बसले होते. तो बिचारा नुसता 'हं, हं' करत होता. आता त्याची जेवणाची सुट्टी. … मग तू कर 'हं, हं'. तुला कुठे शिकवायला हवंय?

काय जाळते म्हणजे? पोटासाठी पावडरी जाळते, दुसरं काय. … सांगते ना. एका कारखान्याची पांढरी पावडर तपासायला आलीय. दिसायला अगदी गरीब, मिठासारखी. ती स्वतः जळत नाही. पण शेजारी दुसरं काही जळायला लागलं, की त्याला असा जोर चढवते की विचारू नकोस. … हो, आगलावी. बरोबर बोललीस. लावून देते आणि स्वतः नामानिराळी. … आपल्या आत्यासारखी, हो. … हसवू नकोस, नरसाळं हलतंय माझं.

तर ती किती आगलावी, ते बघायचं. सेल्युलोजमध्ये मिसळायची. … म्हणजे झाडापासून काढलेला भुगा समज, पांढरा, कापसासारखा. ओव्हनमध्ये खडखडीत वाळवलेला. तो दमट राहिला, की सगळं सावकाश जळतं, आणि आपण म्हणतो, पावडर साधी आहे हो, नेऊ द्या कुठेही. … हो ना. मग दोन्ही मिसळून नरसाळ्याने ढीग घालायचा, खाली तारेचं वेटोळं. तार तापवली की ढीग पेटतो. ठरलेल्या नमुन्यापेक्षा लवकर जळून गेला, तर पोत्यावर पिवळं लेबल. मग ही लाकडाशेजारी ठेवायची नाही, कागदाशेजारी ठेवायची नाही. … एवढंसं काय? लेबल चुकलं तर कुणाचं तरी अख्खं गोदाम जाईल.

हो, हो… अगं ऐक ना. तुझं काय ते सांगशील तू, पळून जात नाही. आधी शनिवारचं सांग. सकाळच्या गाडीने येतेस की दुपारच्या? मी स्टेशनवर येते. … नको कसं? सामान कोण उचलणार?

… बरं, गाडीचं नंतर.

खोली तयार झाली तुझी. शिलाई मशीन माझ्या खोलीत हलवलं. पलंग खिडकीशी लावलाय, तुला सकाळी तोंडावर उजेड लागतो ना. आणि उशी चपटी आणली. दुकानदार म्हणतो, बाई, ही वर्षभर पडून आहे, कुणी हात लावत नाही. म्हटलं, द्या, आमच्या बहिणीची मान जगावेगळी आहे. … ऐक तर. दुसरी किल्ली करून घेतली. तिला लाल दोरा बांधलाय, म्हणजे अदलाबदल नको व्हायला. शेजारीण विचारत होती, पाहुणी कधी येणार? म्हटलं, पाहुणी नाही, राहायला येतेय. कायमची. … सांगितलं, हो. सगळ्यांना सांगितलं. इथे घड्याळवालीला तर रोज. … का? सांगायचं नव्हतं?

… थांब, थांब. आता तार तापवते. बोलू नकोस. … म्हणजे बोल, पण ते नको. दुसरं काहीतरी बोल. हवापाण्याचं बोल. … हं. … हं. … लागला. … तो आवाज? जळण्याचाच. फुरफुरतंय कसं बघ. … विझला. अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर गेला गं. लेबल लागणार हिला बहुतेक.

नाही, मी नाही मोजत. वर कॅमेरा आहे, तोच आपोआप वेळ मोजतो हल्ली. म्हणून तर घड्याळवालीला खरं काही काम उरलेलं नाही. तरी गळ्यात घड्याळ अडकवून शेजारी उभी राहते, आणि तोंडाने आकडे म्हणते. मीही काही बोलत नाही. बरं वाटतं कुणी आकडे म्हणत असलं की. … एकेका मिश्रणाचे पाच ढीग करायचे. चार झाले. एक राहिलाय.

… काय म्हणालीस? … ऐकू नाही आलं. पंखा आहे इथे, धूर ओढायचा. … पुन्हा सांग. … मोठा आहे गं पंखा. … पुन्हा एकदा.

… हं.

आलं ऐकू. … पहिल्यांदाच आलं होतं.

कधी ठरलं हे? … तो स्वतः आला? टेम्पो घेऊन? … कपाटंही गेली? … म्हणजे आता तू बोलतेयस ती त्याच्याच घरून. … अस्सं. सामान आधी पोचलं, मला निरोप नंतर.

नाही, नाही, बरोबरच आहे. मुलाने आईला घरी नेलं, त्यात त्याचं काय चुकलं? सुनेला सातवा लागलाय, तिला आई नाही, मग करणार कोण? … मी कशाला रागावू? … खरंच सांगते. नातवंडाचं कौतुक टाकून माझ्याकडे काय भिंती बघत बसणार होतीस? … ए, रडू नकोस. मला शेवटचा ढीग घालू दे. आहेस ना लाइनवर? … राहा.

… उशीचं काय, मी वापरेन. … माझ्या मानेला होईल सवय. … मशीन परत हलवेन, नाहीतर राहू दे जिथे आहे तिथे. त्या खोलीत कपडे वाळत घालेन, वारा चांगला येतो. … शेजारणीला सांगेन काहीतरी. सांगेन, बेत बदलला. लोकांचे बदलतात.

तार लावली. … हं. … हं. … लागत नाहीये. … तार लालभडक झालीय की. … धूरही नाही. … ढीग आपला ढिम्म बसलाय. … काय झालं हिला आता? मघाशी तर भराभर… थांब.

अगंबाई.

… सेल्युलोजची बाटली इथेच आहे. या खेपेला झाकणसुद्धा काढलेलं नाही मी. … अगं, नुसतीच पावडर ओतली. मिसळायलाच विसरले. इतक्या वर्षांत हे कधी… नव्याने लागलेल्या मुलीसुद्धा असं करत नाहीत. नुसती पावडर कशी जळणार, कपाळ? ती बसून राहते नुसती. तिला सोबत काहीतरी लागतं. … हस. हस तू. मलाही हसूच येतंय.

… नाही, रडत नाहीये.

… रडतेय. बरं, रडतेय. झालं समाधान?

खरं सांगू? मला वाईट वाटलंय, ठमे. फार वाईट वाटलंय. … नाही, तू आता 'हं'सुद्धा म्हणू नकोस. तू जायला नको होतंस असं नाही म्हणत मी. पण मी वाट बघत होते गं. तू येते म्हणालीस तेव्हापासून संध्याकाळी घरी जाताना पाय उचलत होता माझा. जिना चढताना आधीच ठरवायचे, हे तिला सांगायचं, ते तिला सांगायचं. किती साठवून ठेवलंय. … आता काय आठवतंय? काही आठवत नाही.

आणि इथली गंमत बघ. मूठभर पावडर जाळायची, तर दारावर पाटी, एकटीने जाळायचं नाही. साहेब तीनदा येऊन विचारून जातात, बाई, बोलताय ना कुणाशी? आणि घरी? रोज गॅस मी पेटवते, मीच बंद करते, दार मीच लावते. न्हाणीघरात पाय घसरला तर माझी मीच उठते. तिथे नाही कुणी पाटी लावली. … घसरला होता, हो. … तेव्हा नाही सांगितलं. भावोजींचं दुखणं चाललं होतं तुझ्याकडे, त्यात माझं कुठे मध्ये. … लागलं नव्हतं फार. नुसती बसून होते तिथे फरशीवर, बराच वेळ. उठून कुणाला सांगायचं होतं?

ऐक. मी कधी कुणाला 'ये' म्हटलेलं नाही. तुलासुद्धा नाही. तूच म्हणालीस, ताई, आता मी येते तुझ्याकडे. मी आपली म्हटलं, बघ बाई, तुझी मर्जी. जसं काही मला आलीस काय, न आलीस काय, सारखंच. … आज म्हणते. ये. … ऐकलंस? मला हवी आहेस तू. ये.

…

हं. … हो. … माहीत होतं गं नाही म्हणशील ते. … तिला सोडून कशी येणार, खरंच. … नाही, ते नको. 'बाळंतपण झालं की बघू' असं काही कबूल करू नकोस. मग मी परत रोज ती उशी झटकत बसेन. … तुझं मन मोडायला नाही म्हटलं मी. म्हणायचं राहिलं होतं, म्हटलं. बरं वाटलं. … थोडंसं.

ठेवतेस? … कोण, सून हाक मारतेय? … तिला सांग आलेच म्हणून. ऐक ना, एवढा एक ढीग. तू गेलीस तर पहारेकरी जेवून येईपर्यंत हात बांधून बसावं लागेल मला. … हो? … बस मग तिथेच. हे बघ, नीट मिसळते आता. झाकणाचा आवाज आला? … आला ना? मग झालं.

तुझ्यासमोर घड्याळ आहे भिंतीवर? … सेकंदकाटा फिरतोय त्याचा? … मग मी 'लागला' म्हटलं की मोठ्याने मोजायला लाग. मी 'विझला' म्हणेपर्यंत.

… कॅमेरा? … हो, आहे की. … चालू आहे. … हो, मघाशी मीच म्हणाले, आपोआप मोजतो.

… असू दे गं. तू मोज.

तार लावली. … अजून नाही. … अजून नाही. … लागला. मोज.

… हं. … हं. … मोठ्याने, पंखा आहे. … हं. … लपाछपीत डाव आला की अशीच मोजायचीस. मधले आकडे खायचीस आणि धावत सुटायचीस. … आज नाही खाल्लेस. शहाणी झालीस. … हं. … चांगला पेटलाय. … चौदा, हं. … पंधरा. … सोळा. … हं, मोज. …

हॅलो?

ठमे? … हॅलो? … ठमे?

…

बावीस. … तेवीस. … चोवीस. … पंचवीस. … सव्वीस. … सत्तावीस.

विझला, ठमे. … तार बंद करते मी.