शिवणवर्गाचे सहा क्रेडिट्स

या वयात डिग्री कशी केली, असं विचारता ना? त्यातले सहा क्रेडिट्स मला शिवणाने मिळवून दिले.

लग्न होऊन महिन्याभरात मी अमेरिकेला आले आणि बी.ए. दुसऱ्या वर्षालाच राहिलं. वीस वर्षांनी, इथे मॉरिसव्हिलला असताना, परवडणाऱ्या एका ऑनलाइन कॉलेजात नाव घातलं. नागपूरचे जुने मार्क ट्रान्सफर झाले, तरी सहा क्रेडिट्स कमी पडत होते. अ‍ॅडव्हायझर म्हणाली, "कुठे शिकवलं असेल तर त्याचेही क्रेडिट्स मिळतात. तिथल्या प्रमुखांकडून एवढा फॉर्म भरून आण."

नागपूरला कॉलेज करता करता दोन वर्षं मी आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात बायकांना शिवण शिकवायचे. तो वर्ग शांतामावशी चालवायच्या. लग्नाच्या गडबडीत मी त्यांचा निरोपही घेतला नव्हता, त्यामुळे फोन करायला संकोच वाटत होता.

"मावशी, मी रंजना. ओळखलंत?"

"उलटी बाही लावणारी ना? बोल, काय काम काढलंस?"

मी फॉर्म पाठवला आणि आठवड्याने भरलेल्या फॉर्मचा फोटो आला. उत्तरं मराठीत होती, मावशींच्याच वळणदार अक्षरात. माझी मुलगी भाषांतर करायला बसली आणि मध्येच थांबली.

"आई, व्हॉट इज रजा?"

मी वाकून बघितलं. 'काम सोडल्याचं कारण' या प्रश्नापुढे मावशींनी लिहिलं होतं, 'सोडलेलं नाही. लग्नासाठी रजेवर आहे.'